फ्रीजच्या तोटीला पाणी का येत नाही?

घणसोली, बेलापूर, करावे, उलवे ही आपली गावे. एके काळी ती भातशेतीची, मिठागरांची आणि मासेमारीची गावे होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. शेतांच्या जागी इमारती आल्या. गावठाणात कौले जाऊन स्लॅब आले. घरात दिवा आला, पंखा आला आणि मग फ्रीज आला.

आपल्या देशात फ्रीज तयार होऊ लागला तो १९५८ साली. गोदरेज कंपनीने तो काढला. त्या वेळी फ्रीज म्हणजे श्रीमंताघरची वस्तू. आता तो आपल्याही घरी आहे. काही फ्रीजच्या दारालाच तोटी असते. तोटीखालची दांडी पेल्याने दाबली की थंड पाणी येते. दार उघडावे लागत नाही, म्हणून आतली थंडी बाहेर जात नाही.

पण एके दिवशी पेला लावावा तर पाण्याचा थेंब नाही! मग घरात गडबड उडते. कुणी दांडी जोराने दाबतो. कुणी फ्रीजला थापा मारतो. मिस्त्री येतो, पाच मिनिटे पाहतो आणि मोठी रक्कम सांगतो. आपण ती मुकाट्याने देतो. का देतो? मिस्त्रीला काय विचारावे हेच आपल्याला ठाऊक नसते म्हणून.

या धड्यात आपण तेच शिकू. यातली बरीच कारणे घरच्या माणसाला शोधता येतात. त्याला पैसे लागत नाहीत. लागते ते थोडे डोके आणि थोडे वाचन.

पाण्याची वाट

शेवटच्या खाचरात पाणी पोचले नाही, तर शहाणा शेतकरी त्या खाचरात खणत बसत नाही. तो बांधावरून उलटा चालत जातो. पाणी कुठपर्यंत आले ते पाहतो. जिथे पाणी आहे आणि त्याच्या पुढे नाही, तिथेच खोट असते.

फ्रीजचेही तसेच आहे. म्हणून आधी पाण्याची वाट समजून घेऊ.

खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे धरण आहे. ते नवी मुंबई महापालिकेचे आहे. तिथले पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होते आणि मोठ्या नळांतून शहरात येते. सिडकोच्या काही वसाहतींना पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी मिळते. इमारतीत ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडते. पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते. तिथून नळाने आपल्या घरात उतरते.

स्वयंपाकघरात त्या नळाला एक छोटा कॉक बसवलेला असतो. कॉकपासून बोटाएवढी बारीक नळी फ्रीजच्या पाठीमागे जाते. पुढे विजेचा व्हॉल्व असतो. मग फिल्टर. मग आतली छोटी टाकी, तिथे पाणी गार होते. तिथून नळी दारात शिरते आणि तोटीपाशी संपते. काही फ्रीजमध्ये फिल्टर आधी आणि व्हॉल्व नंतर असतो, एवढाच फरक.

विजेचा व्हॉल्व म्हणजे काय? खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते, ती तुम्हाला माहीत आहे. उघाडी उघडली की पाणी जाते, मिटली की थांबते. व्हॉल्व ही फ्रीजची उघाडीच. फरक एवढाच की तिला वीज उघडते. आपण दांडी दाबली की आत एक खटका दाबला जातो. खटक्यामुळे व्हॉल्वला वीज मिळते. विजेने तिथे लोहचुंबक तयार होतो. तो आतला छोटा दट्ट्या वर ओढतो आणि पाणी सुटते. दांडी सोडली की वीज बंद, दट्ट्या खाली, पाणी बंद.

दोन जातींचे फ्रीज

वर सांगितला तो नळजोडाचा फ्रीज. दुसरी जात सोपी आहे. तिच्या दारात आतल्या बाजूला प्लास्टिकची टाकी असते. ती आपण हाताने भरायची. तोटी टाकीच्या खाली असते. पाणी आपल्याच वजनाने खाली येते. तिथे नळ नाही, फिल्टर नाही, विजेचा व्हॉल्वही नाही.

आपला फ्रीज कोणत्या जातीचा? दार उघडून पाहा. हाताने भरायची टाकी दिसली तर दुसरी जात. टाकी नाही आणि पाठीमागे पाण्याची नळी आहे, तर पहिली जात.

आधी जीव, मग पाणी

फ्रीजजवळ पाणी आहे आणि वीजही आहे. ही दोन एकत्र आली की माणूस मरतो. म्हणून चार गोष्टी आधी पाळा.

१. फ्रीज पुढे ओढण्याआधी बटण बंद करा आणि प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

२. हात ओले असताना प्लगला हात लावू नका. पायात चप्पल घाला. खाली पाणी सांडले असेल तर आधी पुसा.

३. फ्रीजचा प्लग तीन पिनांचा असतो. मोठी पिन अर्थिंगची. ती जीव वाचवते. ती कधी कापू नका. फ्रीजला हात लावताच मुंग्या येत असतील, तर पाण्याचा नाद सोडा. घरातली मुख्य कळ बंद करून वायरमनला बोलवा.

४. बर्फ काढायला सुरी, खिळा, तार घालू नका. फ्रीजच्या अंगात वायूच्या नळ्या असतात. आजकालच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये पेट घेणारा वायू भरलेला असतो. नळीला भोक पडले की फ्रीज तर जातोच, पण घरालाही धोका होतो.

टाकीचा फ्रीज : काय पाहावे

टाकीत पाणी आहे का? हसू नका. पुष्कळ वेळा कारण एवढेच असते.

टाकी नीट बसली आहे का? धुऊन परत ठेवताना ती थोडी तिरकी राहते. मग तिचे तोंड तोटीवर बसत नाही. काढून पुन्हा दाबून बसवा.

तोटीची दांडी दाबल्यावर मागे येते का? तोटीत एक स्प्रिंग आणि रबरी वॉशर असतो. पाण्यातला क्षार साचून त्यावर पांढरा थर बसतो. मग वॉशर चिकटतो. टाकी आणि तोटीचा सुटणारा भाग काढा. कोमट पाण्यात लिंबू पिळून त्यात अर्धा तास ठेवा. मग मऊ ब्रशने घासून स्वच्छ धुवा.

टाकीत पाणी गोठले आहे का? फ्रीजची थंडी फार वाढवली तर असे होते. थंडीचे बटण एक घर कमी करा.

टाकीत गरम पाणी, सरबत किंवा ताक भरू नका. ती फक्त पाण्यासाठी आहे.

नळजोडाचा फ्रीज : सहा ठाणी

इथे पाण्याची वाट लांब आहे. एकेक ठाणे घेऊन पुढे जाऊ. मधले ठाणे सोडू नका.

पहिले ठाणे : कुलूप. तोटीपाशी किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र आहे का पाहा. लहान मुलांनी पाणी सांडू नये म्हणून हे कुलूप असते. पुसताना चुकून बोट लागते आणि कुलूप बसते. ते बटण तीन-चार सेकंद दाबून धरा. चित्र विझले की कुलूप उघडले. याच वेळी दार घट्ट लागले आहे ना, तेही पाहा. दार जरा उघडे असले तरी बऱ्याच फ्रीजची तोटी चालत नाही.

दुसरे ठाणे : कान. घर शांत करा. दांडी दाबा आणि ऐका. पाठीमागून किंवा आतून बारीक घूंऽ असा आवाज येतो का? आवाज येतो, पण पाणी नाही, म्हणजे वीज व्हॉल्वपर्यंत पोचते आहे. खोट बहुधा पाण्याच्या वाटेत आहे. आवाजच नाही, म्हणजे खोट बहुधा विजेच्या वाटेत आहे. खटका बिघडला असेल, तार सुटली असेल किंवा व्हॉल्व जळला असेल. ते काम मिस्त्रीचे. पण आता तुम्ही त्याला नेमके सांगू शकता.

तिसरे ठाणे : घरचा नळ. स्वयंपाकघरातला नळ सोडा. धार जोरात आहे का? पाणीकपातीच्या दिवशी घराच्या नळालाच पाणी नसते. मग फ्रीजला कुठून येणार?

चौथे ठाणे : कॉक आणि नळी. प्लग काढा. फ्रीज हळू पुढे ओढा. कॉक पूर्ण उघडा आहे का? नळी भिंतीत चेपली आहे का, तिला मोड पडला आहे का? फरशी पुसताना फ्रीज मागे ढकलला की नळी हमखास दबते. नळी सरळ करा आणि भिंत व फ्रीज यांत वीतभर जागा ठेवा.

नळी सरळ आहे, तरी पाणी नाही? मग बादलीची परीक्षा घ्या. कॉक बंद करा. फ्रीजच्या पाठीची नळी सोडवा आणि तिचे तोंड बादलीत धरा. आता कॉक उघडा. जोराची धार आली, तर खोट फ्रीजमध्ये आहे. नुसते थेंब पडले, तर फ्रीज निर्दोष आहे. खोट नळात आहे. ही एक परीक्षा पुष्कळ भांडणे मिटवते. कारण प्लंबर म्हणतो फ्रीज बिघडला आणि फ्रीजचा मिस्त्री म्हणतो नळ बिघडला. बादली खोटे बोलत नाही.

पाचवे ठाणे : फिल्टर. फिल्टर पाण्यातला गाळ आणि वास धरतो. धरता धरता तो भरतो. मग पाणी पुढे जाऊ देत नाही. आधी धार बारीक होते, नंतर थांबते. बहुतेक कंपन्या सुमारे सहा महिन्यांनी फिल्टर बदलायला सांगतात. पावसाळ्यात पाणी गढूळ आले तर त्याआधीही बदलावा लागतो. काही फ्रीजबरोबर फिल्टरच्या जागी लावायचे एक टोपण येते. फिल्टर काढून ते टोपण लावले आणि पाणी आले, तर खोट फिल्टरचीच. नवा फिल्टर बसवल्यावर नळीत हवा भरते. तोटी थुंकते, गुरगुरते. घाबरू नका. पाच सेकंद दाबा, पाच सेकंद सोडा. असे करत सुमारे दहा लिटर पाणी जाऊ द्या. ते पाणी पिऊ नका. तुळशीला घाला, भांडी घासा.

सहावे ठाणे : गोठलेली नळी. काही फ्रीजमध्ये तोटी बर्फाच्या खणाच्या दारात असते. त्या खणाची थंडी शून्याखाली १८ अंश पुरे. कुणी ती फार वाढवली, तर दारातली नळी आतून गोठते. खूण अशी : घूं आवाज येतो, बादलीत धार येते, फिल्टर नवा आहे, तरी पाणी नाही. उपाय साधा. आतले अन्न दुसरीकडे ठेवा. प्लग काढा. दार उघडे टाका आणि काही तास थांबा. खाली फडके पसरा. मग थंडी १८ अंशांवर आणून फ्रीज सुरू करा. उकळते पाणी ओतू नका, प्लास्टिक तडकते.

वरच्या मजल्याचे कोडे

सात मजल्यांची इमारत आहे. पहिल्या मजल्यावरच्या फ्रीजला पाणी येते. सातव्या मजल्यावर तसाच फ्रीज आहे, पण धार रडते. वास्तविक सातवा मजला टाकीच्या जवळ आहे! मग असे का?

उत्तर दाबात आहे. पाण्याचा दाब पाण्याच्या उंचीने वाढतो. १० मीटर उंच पाणी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब देते. बऱ्याच फ्रीजच्या माहितीपुस्तकात कमीत कमी १.४ किलोच्या आसपास दाब मागितलेला असतो. म्हणजे टाकीतले पाणी फ्रीजपेक्षा सुमारे १४ मीटर उंच हवे.

आता हिशेब करा. टाकीतल्या पाण्यापासून सातव्या मजल्यावरचा फ्रीज जेमतेम साडेचार मीटर खाली असतो. दाब अर्ध्या किलोहूनही कमी. एक मजला सुमारे ३ मीटरचा. गच्चीकडून खाली मोजत गेलो, तर पाचव्या घरी कुठे साडेसोळा मीटर भरतात. तिथे फ्रीज सुखाने चालतो. त्याच्या वरच्या चार घरांना दाब अपुरा पडतो.

आपल्या गावठाणातले घर घ्या. एक मजला, वर स्लॅब, स्लॅबवर प्लास्टिकची काळी टाकी. उंची तेवढीच, साडेचार-पाच मीटर. म्हणजे गावठाणातले घर पाण्याच्या दृष्टीने सातव्या मजल्यासारखेच! अशा घरात नळजोडाचा महाग फ्रीज आणला, तर तो पहिल्या दिवसापासून रडणार. म्हणून विकत घेण्याआधीच विचार करा. टाकीचा फ्रीज स्वस्त पडतो आणि त्याला दाबाची गरज नाही.

नळजोडाचा फ्रीज आधीच घेतला असेल, तर आपल्या टाकीनंतरच्या नळावर छोटा पंप बसवता येतो. पण पालिकेच्या नळाला थेट मोटर लावू नका. ते नियमाविरुद्ध आहे. त्याने शेजाऱ्याचे पाणी ओढले जाते. शिवाय फुटक्या जोडातून गटाराचे पाणीही नळात ओढले जाते. त्याने सारी आळी आजारी पडते.

काही जण शुद्धीकरणाच्या यंत्राची नळी फ्रीजला जोडतात. त्या यंत्रातून पाणी थेंबथेंब येते, त्याला दाब नसतो. मधे पंप नसेल तर फ्रीज चालत नाही.

एका घरची गोष्ट

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आजी येतात. वय साठीच्या पुढे. अक्षर गिरवायला लागून त्यांना दोन वर्षे झाली. त्यांच्या घरी नातवाच्या लग्नात नळजोडाचा फ्रीज आला. पंपही बसवला. दीड वर्ष पाणी चांगले आले. मग धार बारीक झाली आणि एके दिवशी थांबली.

मिस्त्री आला. म्हणाला, “व्हॉल्व गेला. साडेतीन हजार होतील.”

मुलगा पैसे काढायला निघाला. आजी म्हणाल्या, “थांब रे. आधी बादली आण.”

नळी बादलीत धरली. धार जोरात आली. दांडी दाबली. घूं असा आवाजही आला. आजी म्हणाल्या, “व्हॉल्व बोलतोय की! मग गेला कसा?”

त्यांनी फिल्टर काढायला लावला. त्यावर कागदाची पट्टी होती. फ्रीज बसवणाऱ्याने पेनाने तारीख घातली होती. आकडे इंग्रजी होते. पण फोन लावणाऱ्याला ते आकडे येतातच. आजींनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. तारीख दीड वर्षापूर्वीची होती.

मिस्त्री आजींकडे पाहतच राहिला. “आजी, तुम्हाला वाचता येतं?”

“यायला लागलंय,” आजी म्हणाल्या.

फिल्टरच्या जागी टोपण लावले. तोटी गुरगुरली आणि पाणी आले. नवा फिल्टर आणला, तेवढेच पैसे गेले. मिस्त्रीला त्याच्या फेरीची मजुरी दिली. ती द्यायलाच हवी. तो चहा पिऊन गेला. सूनबाईने नव्या फिल्टरवर त्या दिवसाची तारीख मराठीत लिहिली.

साडेतीन हजार रुपये वाचले, हे तर झालेच. पण त्या दिवसापासून घरात कोणताही कागद आला की तो आधी आजींच्या हातात जातो, असे त्यांचा मुलगा सांगतो.

थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे

एक गैरसमज पुष्कळांच्या मनात असतो. फ्रीजचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी. हे खरे नाही. थंडीने रोगजंतू मरत नाहीत. त्यांची वाढ फक्त मंदावते. फ्रीजचा साधा फिल्टरही सर्व जंतू अडवत नाही. पाणी गढूळ आले किंवा त्याला वास आला, तर ते उकळून, गार करून मगच टाकीत भरा.

टाकी आठवड्यातून एकदा धुवा. तोटीचे तोंड स्वच्छ फडक्याने पुसा. आपण उष्टा पेला तोटीला टेकवतो, तो टेकवू नका. तोटी चार दिवस वापरली नसेल, तर पहिले दोन पेले ओतून द्या.

आणि घरचा माठ अडगळीत टाकू नका. त्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि वाऱ्याने वाळते. वाळताना ते आतली उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा माठ कमी गार करतो; पण त्याला वीज लागत नाही. दिवे गेले, फ्रीज थांबला, तरी माठ आपले काम करीत राहतो.

मिस्त्री केव्हा बोलवावा?

दांडी दाबून आवाज येत नाही. फ्रीजखाली पाणी साचते. तार जळल्याचा वास येतो. अंगाला मुंग्या येतात. सहाही ठाणी तपासली, तरी पाणी नाही. अशा वेळी मिस्त्री बोलवा.

बोलवताना फ्रीजचा नमुना-क्रमांक वाचून सांगा. तो आत किंवा पाठीमागे पट्टीवर असतो. हमीची मुदत संपली का ते कागदावर पाहा. काढलेला जुना भाग परत मागा. पावती घ्या, तिच्यावर तारीख आणि रक्कम वाचा आणि मगच पैसे द्या. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

ध्यानात ठेवा

आधी प्लग काढा.
पाण्याच्या वाटेने ठाणे ठाणे पाहत जा.
बादलीची परीक्षा घ्या.
फिल्टरवर तारीख लिहा.
दाब पाहून फ्रीज घ्या.
थंड पाणी आधी शुद्ध हवे.

उत्तरे लिहा

१. दांडी दाबल्यावर आवाज येतो, पण पाणी येत नाही. यावरून काय समजावे?
२. बादलीत नुसते थेंब पडले, तर खोट कुठे आहे?
३. तुमच्या घरची टाकी जमिनीपासून किती उंच आहे? नळजोडाचा फ्रीज तुमच्या घरी चालेल का?
४. पालिकेच्या नळाला थेट मोटर का लावू नये?
५. तुमच्या घरातल्या कोणत्याही एका यंत्रावरची पट्टी वाचा. तिच्यावरचे आकडे वहीत उतरवा.